मुलाखतीआधीचे पाच हजार रुपये

डिप्लोमा किंवा पदवी हातात आहे, पुण्याकडच्या एखाद्या कंपनीचा मुलाखतीचा मेल आलाय आणि घरच्यांनी कुठून तरी पाच हजार रुपये उभे करून दिलेत. त्या पाच हजारांचं काय करायचं, याचा हा हिशोब. सोलापूर, बार्शी, लातूर, परभणीकडून चाकणला, रांजणगावला, हिंजवडीला किंवा खराडीला मुलाखतीसाठी येणारी मुलंमुली डोळ्यांसमोर ठेवून तो मांडलाय. मी एका कारखान्याच्या एचआर विभागात काम करतो, मुलाखती घेणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. उमेदवार तोंड उघडायच्या आधी आम्हाला जे दिसतं आणि ते दिसावं म्हणून त्याने जिथे पैसे घातलेले असतात, त्यांचा मेळ बसत नाही, हे मला सारखं जाणवतं. ब्लेझरवर अडीच हजार गेलेले असतात आणि डोळे मात्र रात्रभराच्या प्रवासाने लाल झालेले असतात.

माझं मत आधीच सांगतो. पैशांवर पहिला हक्क झोपेचा आणि वेळेवर पोचण्याचा. त्यानंतर बूट, त्यानंतर कपड्यांचं माप. ब्लेझर, परफ्यूम आणि व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास यांचा नंबर अगदी शेवटी, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यांचा नंबर लागायचं कारणच नाही. पुढे दिलेले दर पुण्यातल्या साध्या दुकानांतले आणि अंदाजाचे आहेत. पेठ बदलली की शे-पन्नास रुपये इकडेतिकडे होतील.

दिसण्याला एवढं महत्त्व का द्यायचं, असं कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव या सगळ्यांना वेगवेगळे गुण द्यायचे होते. प्रत्यक्षात एका बाबतीत ज्याला चांगले गुण मिळाले त्याला बाकीच्या बाबतींतही चांगलेच मिळाले होते, एकमेकांशी संबंध नसतानाही. मुलाखत घेणारी माणसंही अशीच चुकतात. चुरगळलेला शर्ट पाहिला की कामही ढिसाळ असेल, असं मनात येऊन जातं. हे अन्यायाचं आहे. म्हणून चांगल्या कंपन्या सगळ्यांना तेच प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारतात आणि गुण तिथल्या तिथे लिहितात. पण तुमच्या वाट्याला कुठली कंपनी येणार, हे तुमच्या हातात नाही. कुणाला खटकेल असं काही समोर ठेवायचं नाही, एवढं हातात आहे, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत.

झोप आणि गाडी

सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास निघते आणि साडेदहाच्या आसपास पुण्यात येते. मुलाखत दुपारी दोनची असेल तर याहून चांगली गाडी नाही. सेकंड सीटिंगचं तिकीट एसटीच्या निम्म्याहूनही कमी पडतं. पण मुलाखत अकराची आणि हिंजवडीत असेल तर ही गाडी धरू नका. स्टेशनपासून हिंजवडी वीस किलोमीटरच्या पुढे आहे आणि सकाळच्या गर्दीत तासाहून जास्त लागतो. तुम्ही बारा वाजता, घामेजलेल्या शर्टात, माफी मागत आत याल. त्यानंतर कितीही चांगलं बोललात तरी पहिली दहा मिनिटं ते भरून काढण्यातच जातात.

म्हणून सकाळची मुलाखत असेल तर आदल्या संध्याकाळी पोचा. लॉजची साधी खोली ७०० ते १,००० रुपयांत मिळते, डॉर्मिटरीतली कॉट ३०० ते ५०० रुपयांत. कन्फर्म तिकिटाने रेल्वेने येणार असाल तर पीएनआर टाकून आयआरसीटीसीवर स्टेशनच्या रिटायरिंग रूमची चौकशी करा. नातेवाइकांकडे उतरायचं असेल तर घरात किती माणसं आहेत आणि झोप लागेल का, याचा आधी विचार करा. मामाकडे रात्री एकपर्यंत गप्पा झाल्या तर लॉजचे पैसे वाचून काही उपयोग झाला नाही. मुलींना एसटीत १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. ते वाचलेले पैसे राहण्याच्या सुरक्षित जागेवर घालावेत, असं मी आग्रहाने सांगेन.

मराठवाड्याकडून रात्रीच्या गाडीनेच यावं लागलं, तर निदान दोन गोष्टी करा. मुलाखतीचे कपडे अंगावर घालून प्रवास करू नका, शर्ट हँगरला लावून कव्हरमध्ये आणा. आणि उतरल्यावर थेट कंपनीत जाऊ नका. स्टेशनवरच्या पैसे देऊन वापरायच्या प्रतीक्षालयात आंघोळ करा, कुलूप लागणारी बॅग असेल तर ती क्लोक रूममध्ये ठेवा, जवळच्या इस्त्रीवाल्याकडून शर्ट-पँटवर पुन्हा एकदा इस्त्री फिरवून घ्या. नगाला दहा-पंधरा रुपये. पहाटे दुकान उघडं नसतं, तेव्हा ही वेळही धरून ठेवा. शिवाजीनगरची एसटी वाकडेवाडीहून सुटते आणि तिथेच थांबते, हेही माहीत असू द्या, कारण जुन्या स्टँडच्या आठवणीवर पत्ता सांगणारे वडीलधारे अजून खूप आहेत.

शहरातल्या प्रवासाला २०० ते ३०० रुपये बाजूला ठेवा. खराडीला जायचं असेल तर पुणे स्टेशनहून मेट्रोने रामवाडी आणि तिथून रिक्षा. मेट्रोत इस्त्री मोडत नाही, घाम येत नाही आणि किती वेळ लागणार ते आधी कळतं. चाकण-रांजणगावला शेअर गाड्या मिळतात, पण त्या भरेपर्यंत सुटत नाहीत. अर्धा तास जास्तीचा ठेवा.

बूट, पँट, शर्ट

बुटांना मी कपड्यांच्या आधी ठेवलं, त्याला कारण आहे. शर्ट मित्राचा चालतो, बूट दुसऱ्याचे चालत नाहीत. चावणाऱ्या किंवा सैल बुटांत माणूस वेगळाच चालतो, आणि दारापासून खुर्चीपर्यंतची चार पावलं आम्ही पाहत असतो. काळे, साधे, नाडीचे किंवा बिननाडीचे बूट १,००० ते १,५०० रुपयांत मिळतात. संध्याकाळी घ्या, दिवसभर चालल्यावर पाय थोडे फुगलेले असतात. मुलाखतीच्या आठवडाभर आधी रोज घरात तासभर घालून फिरा. मोजे काळे किंवा गडद आणि पोटरीपर्यंत येणारे, साठ-सत्तर रुपयांचे. खुर्चीत बसल्यावर पँट वर सरकते आणि आखूड पांढरे मोजे डोळ्यात भरतात. घरी जुने बूट असतील तर नवीन घेऊ नका. टाच झिजली असेल तर चांभाराकडून शंभर-दीडशे रुपयांत नवी बसवा आणि पॉलिश करा. झिजलेली टाच मागून दिसते, उमेदवार उठून जायला निघतो तेव्हा.

पँट ८०० ते १,०००, शर्ट ६०० ते ८०० रुपयांत साध्या दुकानात मिळतो. पांढरा, आकाशी किंवा बारीक रेघांचा घ्या. ब्रँडचं नाव टेबलापलीकडून दिसत नाही. दिसतं ते माप. शर्टाच्या खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसायला हवी. कॉलरचं बटण लावून दोन बोटं आत गेली पाहिजेत. बाही मनगटाच्या हाडाशी संपली पाहिजे. पँट बुटावर एकदाच मोडली पाहिजे. हे चार मुद्दे जमले तर सातशेचा शर्ट दोन हजारांचा वाटतो, आणि चुकले तर दोन हजारांचा शर्टही उसना आणल्यासारखा दिसतो. त्यासाठी शिंप्याकडे जाऊन पँटची लांबी आणि शर्टाच्या बाजू दुरुस्त करून घ्या. साठ ते शंभर रुपये लागतात. या सगळ्या खर्चात सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त फरक पाडणारा खर्च तो हाच.

ब्लेझरबद्दल. डिप्लोमा ट्रेनी, ज्युनिअर इंजिनिअर, अकाउंट्स असिस्टंट, कस्टमर सपोर्ट अशा जागांसाठी तो लागत नाही. एप्रिल-मेमध्ये तर तो अंगावर घालून बसणं म्हणजे घाम पुसत बसणं. हॉटेल, बँकेतली विक्री, एअरलाइन किंवा एमबीएनंतरची पहिली नोकरी असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही भाड्याने घ्या, दिवसाला ३०० ते ६०० रुपये पडतात, वर डिपॉझिट. विकतच घ्यायचा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्यावर १८ टक्के. अडीच हजारांच्या जरा वरच्या किमतीचा कपडा घेण्यापेक्षा जरा खालचा पाहणं शहाणपणाचं. बुटांनाही जोडीमागे अडीच हजारांपर्यंत ५ टक्केच आहे. छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी कुणी लावला तर देऊ नका.

मुलींना मी सांगतो, कुर्ता-सलवार, साडी, शर्ट-पँट यांतलं ज्याची सवय आहे ते घाला. साडीला एकही गुण जास्त नाही आणि शर्ट-पँटलाही नाही. मात्र सवय नसलेली साडी नेसून आलेली मुलगी मुलाखतभर पदर सावरत राहते आणि तिचं उत्तरांवरचं लक्ष उडतं. कारखान्यातल्या जागेसाठी येत असाल तर ओढणी पिनअप केलेली किंवा ओढणीशिवायचा कुर्ता, केस बांधलेले, बांगड्या कमी आणि पुढून बंद, सपाट चप्पल-बूट, कारण मुलाखतीनंतर शॉप फ्लोअरवर नेतात आणि यंत्रांजवळ लोंबणारं काही चालत नाही. मंगळसूत्र घालावं की नाही, हे मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. तुम्ही एरवी घालत असाल तर घाला. लग्नावरून तुमची योग्यता ठरवणारी जागा असेल, तर ते नोकरी लागायच्या आधी कळलेलं बरं.

सोलापूरहून येणाऱ्या, घरी मुलाखतीजोगं काहीच नसलेल्या मुलाचा हिशोब असा होतो: शर्ट ७००, पँट ९००, दुरुस्ती ६०, पट्टा २५०, बूट १,२००, मोजे ६०, केस १२०, इस्त्री ३०, फाइल ६०, झेरॉक्स-प्रिंट ५०. एकूण ३,४३०. त्यात राहणं, जेवण, येणं-जाणं मिळून दीड हजार धरले की पाच हजारांत बसतं. हातात दीड हजारच असतील तर कपडे भाऊ-मित्राचे घ्या, मापात दुरुस्त करून घ्या, जुन्या बुटांची टाच बदला आणि राहण्याचे पैसे मात्र कापू नका.

केस, दात, वास

केस मुलाखतीच्या दिवशी कापू नका, तीन-चार दिवस आधी कापा, म्हणजे ते बसतात. साध्या सलूनमध्ये १०० ते १५० रुपये. दाढी ठेवत असाल तर ठेवा, कडा आखून घ्या. नखं कापा. टेबलावर कागद सरकवताना आम्हाला हातच दिसतात.

दातांवर तंबाखूचे डाग असतील तर त्यावर खर्च करणं योग्य आहे. खाजगी दवाखान्यात दात साफ करायला ८०० ते १,५०० रुपये घेतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत ते अगदी थोडक्या शुल्कात होतं. त्या गावांजवळ राहणाऱ्यांनी तिकडे जावं. डाग काढून पुन्हा पुडी सुरू केली तर पैसे वाया गेले. शिवाय कारखान्याच्या गेटवरच पुडी काढून घेतात, आणि सिक्युरिटीच्या केबिनमध्ये ती खिशातून निघणं काही चांगलं दिसत नाही.

परफ्यूमवर एक रुपयाही घालू नका. एसी लावलेल्या छोट्या खोलीत तीन माणसांना अर्धा तास तो वास सहन करावा लागतो. आंघोळ, धुतलेला बनियन आणि साधा डिओडरंट पुरे. केसांना तेल आदल्या दिवशी लावून धुऊन टाका.

क्लासवाल्यांना कसं पारखायचं

व्यक्तिमत्त्व विकास, ग्रूमिंग, इंटरव्ह्यू स्किल्स या नावांनी दोन हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत फी घेणारे क्लास आहेत. त्यांतले काही मनापासून शिकवतात. पण बरेचसे एकाच वाक्याच्या आधारावर फी मागतात: माणसाची छाप ९३ टक्के देहबोली आणि आवाजावर पडते, शब्दांवर फक्त ७ टक्के.

हा आकडा कुठून आला ते समजून घ्या. अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये प्रयोग केले. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते आणि बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल आपुलकी आहे की नाही, एवढंच विचारलं होतं. शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरंच, अशा वेळी लोक भावना कशावरून ओळखतात, एवढ्यापुरता तो निष्कर्ष होता. सगळ्या संभाषणाला तो लागू नाही, हे मेहरेबियन यांनी स्वतः सांगितलेलं आहे. व्हर्निअर कॅलिपरचा लीस्ट काउंट किती, या प्रश्नाचं ९३ टक्के उत्तर हातवाऱ्यांत असू शकत नाही. माहितीपत्रकात हा आकडा दिसला तर फी भरण्याआधी दुसरीकडे चौकशी करा.

दुसरी खूण म्हणजे ‘पॉवर पोज’. मुलाखतीआधी दोन मिनिटं कंबरेवर हात ठेवून उभं राहिलं की शरीरातली हार्मोन्स बदलतात आणि आत्मविश्वास येतो, असं सांगतात. २०१० मध्ये डॅना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी तसा निष्कर्ष काढला होता आणि कडी यांच्या २०१२ च्या टेड व्याख्यानामुळे तो जगभर पोचला. २०१५ मध्ये जास्त लोकांवर प्रयोग केला तेव्हा हार्मोन्समध्ये तसा बदल आढळला नाही, आणि २०१६ मध्ये खुद्द कार्नी यांनी आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. उभं राहून बरं वाटत असेल तर जरूर उभे राहा. त्यासाठी फी देऊ नका.

क्लास लावायचाच असेल तर एकच विचारा: माझी सराव मुलाखत किती वेळा घेणार आणि तिचं रेकॉर्डिंग मला देणार का? बाकी सगळं ऐकून सोडून देता येतं, स्वतःला पाहिलेलं विसरता येत नाही. राज्याच्या कौशल्य विकास विभागाच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी मोफत आहे आणि त्यांच्या रोजगार मेळाव्यांनाही पैसे लागत नाहीत. नोकरी नको असली तरी मेळाव्यात जाऊन दोन-तीन कंपन्यांना मुलाखत द्या. खऱ्या माणसांसमोर बसायचा एवढा स्वस्त सराव दुसरा नाही.

फुकटचा सराव

मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवा, समोर खुर्ची मांडा, बहिणीला प्रश्न विचारायला बसवा आणि पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. मग आवाज बंद करून ते बघा. पाय हलतोय का, हात मानेकडे जातोय का, उत्तर आठवताना नजर कुठे पळतेय, हे आवाज बंद असताना जास्त स्वच्छ दिसतं. एका दिवशी एकच सवय पकडा. आज फक्त पाय, उद्या फक्त हात. सगळं एकदम सुधारायला गेलेला माणूस आक्रसून बसतो आणि ते आणखी वाईट दिसतं.

नजरेबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. आपल्याकडे गावात मोठ्यांशी बोलताना खाली बघणं हा मानाचा भाग आहे आणि तो संस्कार चांगलाच आहे. मुलाखतीत मात्र खाली बघणाऱ्याला विषय येत नसावा, असं समजलं जाण्याचा धोका असतो. एकदम उपाय करायला जाऊन टक लावून बघू नका. प्रश्न विचारणाऱ्याकडे बघत प्रश्न पूर्ण ऐका. विचार करताना नजर बाजूला गेली तर जाऊ द्या, सगळ्यांचीच जाते. उत्तराची सुरुवात प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून करा, मधे इतरांकडेही बघा, शेवट पुन्हा त्याच्याकडे. पॅनेलमध्ये बहुधा एक जण गप्प बसलेला असतो. तो बरेचदा विभागाचा प्रमुख असतो आणि निर्णय त्याचा असतो. त्याच्याकडेही बघा. डोळ्यांत बघणं जमतच नसेल तर भुवयांच्या मधे बघा, टेबलापलीकडून फरक कळत नाही.

हात मिळवायचा की नमस्कार करायचा? समोरच्याने हात पुढे केला तर मिळवा, एरवी आत आल्यावर थोडं थांबून नमस्कार करा किंवा ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. पाया पडू नका. काही मुलं भीतीने आणि आदराने वाकतात, आणि खोलीतल्या सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. बसा म्हटल्यावर बसा. कुणी म्हटलंच नाही तर ‘बसू का?’ असं विचारण्यात काहीच गैर नाही.

बोलताना अडखळत असाल, ऐकू कमी येत असेल, नजर किंवा हातापायांच्या हालचालींवर आजाराचा परिणाम असेल तर मेलच्या उत्तरात एका ओळीत आधी कळवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार नोकरीत दिव्यांगांशी भेदभाव करायला मनाई आहे. आणि माझा अनुभव असा की आधी माहीत असलं की पॅनेल त्या गोष्टीकडे घाबरटपणा म्हणून पाहत नाही.

फाइल आणि पिवळी रेघ

आता फाइलबद्दल, कारण सर्वांत जास्त उमेदवार इथे गडबडतात. ‘सहाव्या सेमिस्टरची मार्कशीट दाखवता?’ असं विचारलं की प्लॅस्टिकच्या पिशवीत हात जातो. आधारची झेरॉक्स निघते, मग शाळा सोडल्याचा दाखला, मग दोन फोटो जमिनीवर पडतात, मान खाली जाते, कानशिलं लाल होतात. दोन मिनिटांपूर्वी छान बोलणारा मुलगा यानंतर चाचपडायला लागतो. पारदर्शक कप्प्यांची फाइल साठ ते शंभर रुपयांत मिळते. वर बायोडेटाच्या तीन प्रती, त्याखाली शेवटच्या वर्षापासून मागे दहावीपर्यंत मार्कशीट, मग आधार-पॅन, शेवटच्या कप्प्यात फोटो. घरी डोळे मिटून कुठलाही कागद काढता येईपर्यंत सराव करा. कागद समोरच्याला द्याल तेव्हा त्याच्या बाजूने वाचता येईल असा फिरवून द्या. हे पाहिलं की ‘हा माणूस कामात व्यवस्थित असेल’ असं मला तरी लगेच वाटतं, आणि माझ्यासारख्या अनेकांना वाटतं.

कारखान्यातली मुलाखत खोलीत संपत नाही. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, बॅग तपासतात, पास देतात. सिक्युरिटीवाल्याशी तुम्ही कसे वागलात हे वर कळतं, अनेक ठिकाणी मुद्दाम विचारतात. मग कुणी तरी शॉप फ्लोअरवर घेऊन जातं. जमिनीवर पिवळ्या रेघा असतात. चालायचं ते रेघांमधल्या वाटेवरून, ओळीत. जिन्याने जाताना कठडा धरायचा. हात खिशात घालायचे नाहीत, चालताना मोबाइल बघायचा नाही, यंत्रावर किंवा तयार जॉबवर हात ठेवायचा नाही. या गोष्टी कुणी बोलून दाखवत नाही, पण बरोबर चालणारा सुपरवायझर त्याच बघत असतो. आयटीआयमध्ये नीट वर्कशॉप केलेला मुलगा इथे ओळखू येतो, इंग्रजी कच्चं असलं तरी.

व्हिडिओवर मुलाखत असेल तर प्रवासाचा खर्च वाचतो, तो थोडा नेटवर घाला. दिवसाचा जास्तीचा डेटा पॅक घेऊन ठेवा आणि गावात कुठल्या खोलीत रेंज टिकते ते दोन दिवस आधी त्याच वेळेला तपासा. खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो. मोबाइलचा कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, डबे रचून का होईना. बोलताना स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघा. परदेशी मॅनेजर असेल तर ‘हो’ म्हणताना मान आडवी डोलवू नका, त्यांना ते ‘नाही’ वाटू शकतं. पोरं, कुकर, शेजारची टाकी भरण्याची मोटर, सगळ्यांना आधी सांगून ठेवा. वायरचा साधा इअरफोन दीड-दोनशे रुपयांचा पुरतो. रिंग लाइट आणि ट्रायपॉडची गरज नाही.

बिल आणि तिकीट

कपडे-बूट घेताना बिल मागून घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बुटाचा तळवा आठवड्यात सुटला तर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला घाबरू नका. दुकानदार ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. क्लासची सेवा ठरल्याप्रमाणे मिळाली नाही तरी तक्रार याच मार्गाने करता येते, म्हणून फीची पावती आणि ‘काय शिकवणार’ हे लेखी घ्या.

मुलाखतीसाठी पैसे मागणारी कंपनी, मग ते ‘रजिस्ट्रेशन’ म्हणोत, ‘युनिफॉर्म डिपॉझिट’ म्हणोत की ‘गेट पास’चे पाचशे म्हणोत, ती नोकरी देणारी नाही. पैसे भरू नका. ऑनलाइन गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

आणि शेवटी पैसे परत मिळण्याचं. यूपीएससी बाहेरगावच्या उमेदवारांना मुलाखतीसाठी रेल्वेच्या सेकंड किंवा स्लीपर वर्गाच्या भाड्याइतका प्रवासखर्च देते. बऱ्याच मोठ्या खाजगी कंपन्याही देतात, पण मागितल्याशिवाय सहसा सांगत नाहीत. मेलमध्ये उल्लेख नसेल तर वेळ पक्की करायला फोन कराल तेव्हाच विचारा, त्याने कुणाचं मत वाईट होत नाही. तिकिटं, मेट्रोची पावती, लॉजचं बिल फाइलच्या शेवटच्या कप्प्यात फोटोंबरोबर ठेवा. रिसेप्शनवर फॉर्म मिळतो, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स लागते, ती घरूनच घेऊन निघा.